वृद्धांच्या ताटातील प्रथिनांचा हिशेब

दर दिवाळीस आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते. जमेची बाजू, नावेची बाजू, येणे आणि देणे यांचा मेळ पैपर्यंत घातला जातो आणि मगच नवी वही उघडली जाते. परंतु ज्या वडीलधाऱ्यांनी ती पेढी उभी केली, त्यांच्या ताटात दिवसाकाठी काय पडते व त्यातील शरीराच्या कामी किती येते, याचा हिशेब आपल्या किती घरांत ठेवला जातो? आमच्या पाहण्यात असे घर क्वचितच आले आहे. आपला कॅम्प हा मुळात लष्कराचा तळ. येथे शिपायाचा शिधा मोजून दिला जातो, कारण तो बलवान राहिला पाहिजे हे सर्वांस मान्य आहे. वृद्धाचा शिधा मात्र कोणीच मोजत नाही. 'आता वय झाले, भूक मंदावली, थोडेसे पुरते' असे म्हणून सर्वजण निश्चिंत होतात. ही निश्चिंतता किती महाग पडते, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभी एक पाहिलेली हकीकत सांगतो. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध व्यापारी पत्नीच्या निधनानंतर हळूहळू आहार कमी करू लागले. सकाळी चहा, दुपारी मऊ भात व पातळ वरण, सूर्यास्तापूर्वी दूधभात, एवढ्यावर त्यांचा दिवस जाई. घरच्यांना त्यात वैराग्य दिसले. पाहुण्यांना ते कौतुकाने सांगत. दोन वर्षांत त्यांच्या मांड्या काठीसारख्या झाल्या. मंदिरात नमस्कार करून उठताना ते खांबाचा आधार घेऊ लागले. एके दिवशी दुकानाची पायरी उतरताना ते पडले. हाड मोडले नव्हते, तरी तीन आठवडे अंथरुणात काढावे लागले. आणि त्यानंतर ते स्वतःच्या बळावर कधीच उभे राहिले नाहीत. त्यांना कोणताही मोठा रोग नव्हता. जी शिल्लक वर्षानुवर्षे खर्ची पडत होती व जिची भर कोणी घातली नव्हती, ती शिल्लक संपली होती.

प्रथिन म्हणजे काय?

ही शिल्लक म्हणजे मांसपेशी होत. आणि मांसपेशी ज्या द्रव्याने बनतात त्यास प्रथिन म्हणतात. १८३८ साली मुल्डर या डच रसायनज्ञाने या द्रव्याचे पाश्चात्त्य नाव प्रसिद्ध केले. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने सुचविलेल्या त्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ 'अग्रस्थानी असलेले' असा आहे. नाव अन्वर्थक आहे. स्नायू, त्वचा, रक्तातील अनेक घटक, पाचक रस, रोगाशी झुंजणारी द्रव्ये, या सर्वांची उभारणी प्रथिनांनी होते.

येथे एक गोष्ट व्यापारी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावी. अधिक खाल्लेले तूप किंवा साखर शरीर मेदाच्या रूपाने साठवून ठेवते. प्रथिनाचे तसे कोठार शरीरात नाही. शरीर रोज जुनी प्रथिने मोडते व नवी घडविते. या घडामोडीत रोज काही अंश खर्ची पडतो आणि तो रोजच्या रोज अन्नातून भरून यावा लागतो. न आल्यास शरीर आपल्याच मांसपेशी मोडून हृदय, यकृत आदी अवयवांचा खर्च भागविते. नफा नसताना भांडवल खाणाऱ्या पेढीची जी गती, तीच या देहाची.

वार्धक्यात गरज कमी होते काय?

सामान्य समजूत अशी की, म्हाताऱ्या माणसास कामधंदा नाही, वाढ नाही, तेव्हा त्यास अन्न थोडे पुरे. यातील अर्धा भाग खरा आहे. हालचाल कमी झाल्याने उष्णता देणाऱ्या अन्नाची गरज घटते. परंतु प्रथिनांची गरज घटत नाही. उलट वृद्ध देहाचा स्नायू थोड्या प्रथिनाने जागा होत नाही. तरुणास जेवढ्या प्रथिनाने नवा स्नायू घडविण्याची चालना मिळते, तेवढ्याने वृद्धास ती मिळत नाही. त्यास एका वेळी अधिक प्रथिन लागते. म्हणजे ताट लहान होते, पण त्या लहान ताटातील प्रथिनाचा वाटा मोठा व्हावयास हवा. आपल्या घरांतून घडते ते नेमके उलट. दात गेले म्हणून उसळ जाते, पोट जड होते म्हणून डाळ पातळ होते आणि शेवटी भात तेवढा उरतो.

वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या या ऱ्हासास १९८९ साली अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे स्वतंत्र नाव दिले. 'मांसाची उणीव' असा त्याचा अर्थ. पन्नाशीनंतर हा ऱ्हास मंद गतीने चालूच असतो. आजारपणात मात्र तो झपाट्याने होतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे एक किलोने घटला. ते रोगी नव्हते आणि त्यांना नेमून दिलेला आहारही मिळत होता, हे विशेष. मग आधीच रिकाम्या शिलकीवर चालणाऱ्या वृद्धाचे तीन आठवड्यांत काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्रमाण किती असावे?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी शिफारस प्रसिद्ध केली, तीत प्रौढ माणसास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितले आहे. ६५ किलोच्या पुरुषास ते ५४ ग्रॅम व ५५ किलोच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम होते. मात्र हा आकडा उत्तम प्रतीच्या प्रथिनाचा आहे. ज्यांच्या आहारात धान्याचाच भर अधिक आहे, त्यांनी दर किलोस १ ग्रॅम धरावे, असे त्याच संस्थांचे सांगणे आहे. आपला आहार बहुधा याच दुसऱ्या प्रकारचा असतो.

वृद्धांविषयी शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात वृद्धांस तरुण प्रौढांइतकेच, म्हणजे ०.८३ ग्रॅम प्रमाण सांगितले आहे. परंतु २०१३ साली युरोपातील जरावैद्यक संघटनेच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी असा निर्णय दिला की, ६५ वर्षांवरील निरोगी माणसास दर किलोस १ ते १.२ ग्रॅम, आणि आजारी अथवा आजारातून उठणाऱ्यास १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन मिळावे. मतभेद आहे तो किमान किती याविषयी. वृद्धास कमी पुरते, असे मात्र यांपैकी कोणीही म्हणत नाही. शाकाहारी माणसाने दर किलोस निदान १ ग्रॅम ही मर्यादा सांभाळावी, हे या सर्वांतून निघणारे व्यवहार्य सूत्र होय. अतिस्थूल माणसाने प्रत्यक्ष वजन न धरता उंचीस योग्य असे वजन धरावे.

नेहमीच्या ताटाची तपासणी

आता ६० किलो वजनाच्या एका वृद्धाचा दिवस घेऊ. त्यांची गरज ६० ते ७२ ग्रॅम. तीन वेळच्या चहातील दूध मिळून १५० मिलिलिटर, त्यातून ५ ग्रॅम. सकाळचे पोहे ५० ग्रॅम, त्यातून ३. दुपारच्या दोन पोळ्या ६० ग्रॅम पिठाच्या, त्यातून ७, भाजीतून २, ५० ग्रॅम तांदळाच्या भातातून ३, पातळ वरणात डाळ जेमतेम १५ ग्रॅम, त्यातून ३. सायंकाळी तेवढाच भात, ३. आणि त्यावर १५० मिलिलिटर दूध, ५. एकूण बेरीज ३१ ग्रॅम. पोट भरले, ताट स्वच्छ झाले, आणि गरज मात्र निम्मीच भागली! ही तूट एका दिवसाची असती तर गोष्ट वेगळी. ती रोजची आहे.

माल आपल्याच बाजारात आहे

ही तूट भरून काढण्यास परदेशी डबे नकोत. रविवार पेठेतील कोणत्याही भुसार दुकानात उभे राहून पाहावे. दर १०० ग्रॅममागे मुगाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिन असते, उडदाच्या डाळीत २४, मटकीत सुमारे २४, तुरीच्या डाळीत २२, हुलग्यात २२, हरभऱ्याच्या डाळीत २१ व फुटाण्यात २२. शेंगदाण्यात २५, तिळात १८, बदामात २१. गव्हाच्या पिठात १२, ज्वारीत १०, तांदळात मात्र अवघे ७. गाईच्या दुधात ३ ते साडेतीन, म्हशीच्या दुधात ४ च्या वर, पनीरात सुमारे १८. आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये तब्बल ४३ ग्रॅम. सोयाबीन चांगले भाजून, नऊ भाग गव्हास एक भाग या प्रमाणात दळून घेतले, तर दोन पोळ्यांतून ७ ऐवजी ९ ग्रॅम प्रथिन मिळते आणि चवीत फारसा फरक पडत नाही. सोयाबीन कच्चे दळू नये. त्यातील पचनास अडथळा करणारे द्रव्य उष्णतेनेच नष्ट होते.

धान्य व डाळ एकत्र खाण्याची आपली जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. प्रथिन हे अनेक लहान घटकांचे बनलेले असते. त्यांपैकी लायसिन हा घटक धान्यात उणा आणि डाळीत भरपूर. मेथिओनिन हा डाळीत उणा आणि धान्यात पुरेसा. एकाची तूट दुसरा भरून काढतो. भागीदारीचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल. चूक रीतीत नसून प्रमाणात आहे. वाटीभर पाण्यात डाळ शोधावी लागते, तेथे भागीदार नावापुरताच उरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने धान्य, डाळ व दूध यांचे प्रमाण ३ : १ : २.५ असे सांगितले आहे, ते गृहिणींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

धर्मनियम सांभाळून

येथे कोणी शंका घेईल की, आपल्या नियमांत हे बसते काय? आम्ही म्हणतो, उत्तम बसते. मात्र विचार करावा लागतो. कच्च्या दूध-दही-ताकाबरोबर द्विदल खाण्याचा निषेध आहे. तेव्हा डाळ एका जेवणात व दूध दुसऱ्या वेळी, अशी विभागणी करावी. ज्यातून तेल निघते ते द्विदलात मोडत नाही. म्हणून शेंगदाणा, तीळ व बदाम दुधाबरोबर चालतात. मोड आलेले कडधान्य पुष्कळ घरांत वर्ज्य असते. अशांनी ते मोड येण्यापूर्वीच, काही तास भिजवून मऊ शिजवावे. प्रथिनाची त्यात हानी नाही. कांदा, लसूण व कंद यांच्या त्यागाने प्रथिनाचे काहीच उणे होत नाही. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी सोडणाऱ्या घरांत डाळी-कडधान्येच पुढे येतात, हा तर लाभच आहे. श्वेतांबर बंधूंच्या आयंबिलात दूध-तूप नसले तरी डाळीस मज्जाव नाही. दिगंबर घरांतील रसपरित्यागात ज्यांनी दूध-दही सोडले असेल, त्यांनी तेवढी भरपाई डाळ व शेंगदाणे यांतून करावी. नियम घराघरांत व आम्नायाप्रमाणे वेगळे असतात. शंका असल्यास त्यागी-मुनींस विचारावे.

रात्रिभोजनत्यागाचा मुद्दा विशेष विचारात घ्यावा. पौषात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सायंकाळचे जेवण पाचला व सकाळची न्याहारी आठला, असे धरले तर मध्ये पंधरा तासांचे अंतर पडते. म्हणून सूर्यास्तापूर्वीचे जेवण हे नुसते दूधभाताचे नसावे. पाणीही दिवसा पुरेसे प्यावे. वृद्धांस तहान कमी लागते, याचा विसर पडू नये.

सुधारलेले ताट

त्याच ६० किलोच्या वृद्धाचे ताट असे मांडता येईल. सकाळी ज्वारीची एक मऊ भाकरी (५० ग्रॅम पीठ), ३० ग्रॅम शेंगदाण्यांची बारीक कुटलेली चटणी व पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर उकळलेले दूध : १९ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि ५० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, किंवा तेवढ्याच मटकीची वा हुलग्याची मऊ उसळ : २२ ते २३ ग्रॅम. चार वाजता पेलाभर दूध व २० ग्रॅम तिळाचा लाडू : १० ग्रॅम. सूर्यास्तापूर्वी ४० ग्रॅम मुगाची डाळ व ३० ग्रॅम तांदूळ यांची खिचडी, किंवा तेवढ्याच डाळीची धिरडी : सुमारे १२ ग्रॅम. एकूण ६४ ग्रॅम. दात नसतील तर पिठले, झुणका, हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण हे पदार्थ आहेतच. पोट फुगत असल्यास डाळ एकदम वाढवू नये. आठवड्यास थोडी थोडी वाढवावी, आधी भिजवावी, हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी.

या ताटात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, प्रथिन दिवसभरात वाटून दिले आहे. कारण वृद्ध स्नायूस प्रत्येक जेवणात भरीव वाटा लागतो. तज्ज्ञ तर मुख्य जेवणात २५ ते ३० ग्रॅमपर्यंत प्रथिन असावे असे सांगतात. ज्यांना पचेल त्यांनी दुपारची डाळ आणखी वाढवावी. दुसरी, तूप-तेल काढून टाकलेले नाही. उष्णता कमी पडल्यास शरीर प्रथिनच जाळते. चंदन जाळून चूल पेटविण्यासारखा तो व्यवहार होय.

आणि केवळ खाण्याने स्नायू टिकत नाही. त्यास काम द्यावे लागते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे, शक्य असेल तितक्या पायऱ्या चढणे, मंदिरास पायी जाऊन प्रदक्षिणा घालणे, जमिनीवर बसून उठण्याची सवय न सोडणे, हे व्यायाम वृद्धांस पुरेसे आहेत. आजारपणातही वैद्याची अनुमती मिळताच अंथरूण सोडावे.

काही सावधगिरी

ज्यांचे मूत्रपिंड निकामी होत आले आहे, त्यांना प्रथिन वाढविणे हानिकारक ठरू शकते. त्यांनी वैद्याच्या सल्ल्याखेरीज वरील प्रमाण लागू करू नये. रक्ताची साधी तपासणी आधी करून घ्यावी. मधुमेही व संधिवाताच्या रोग्यांनीही विचारूनच बदल करावा. बाजारातील प्रथिनांच्या भुकटीच्या मागे धावू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही ती टाळण्याचीच सूचना आहे. आणखी एक गोष्ट : बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही. शाकाहारी वृद्धांत त्याची उणीव पुष्कळदा आढळते. त्याने हातापायांस मुंग्या येतात व तोल जातो. त्याचीही तपासणी व्हावी.

तप आणि उपेक्षा

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण तो टाळणे बरे नव्हे. आपला समाज अल्पाहारास मान देतो, आणि तो योग्यच आहे. परंतु शास्त्रकारांनी अवमौदर्य तप सांगताना आधी पूर्ण आहाराचे माप सांगितले आहे. पुरुषाचे ३२ घास, स्त्रीचे २८ घास. त्यातून काही घास कमी करणे हे तप. पुरे किती, हे ज्यास ठाऊक नाही, त्यास उणे किती केले हे कसे कळावे? षोडशकारण भावनांतही तप 'शक्तितः', म्हणजे शक्तीप्रमाणे करावे असेच सांगितले आहे.

निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. दृष्टी मंदावल्याने जीवदयेचा नियम निर्दोष पाळणे अशक्य झाले, तेव्हा पूर्ण जाणिवेने, संघासमोर, क्रमाक्रमाने त्यांनी आहाराचा त्याग केला. ते महाव्रत होते. घरच्या वृद्धास भूक नाही, कोणी विचारीत नाही, पाने लवकर उरकतात, म्हणून त्याचा आहार आपोआप घटत जाणे, हे व्रत नव्हे. त्यात संकल्प नाही, ज्ञान नाही, समाधीही नाही. त्यास तपाचे नाव देणे हा तपाचाही अवमान आहे. ज्या वृद्धास शेवटपर्यंत सामायिक, स्वाध्याय व मंदिरदर्शन करावयाचे आहे, त्याचे पाय शाबूत राहिले पाहिजेत.

आरंभी ज्यांची हकीकत सांगितली, त्यांच्या घरात माया होती, पैसा होता, भुसाराचे दुकानही होते. मुगाची पोती दारात होती; वाटीभर घट्ट वरण मात्र ताटात पोचले नाही. आमच्या व्यापारी बंधू-भगिनींस एवढीच विनंती की, उद्यापासून एक आठवडा आपल्या घरातील आजी-आजोबांच्या ताटाची नोंद एका कागदावर ठेवावी. दूध किती, डाळ किती, शेंगदाणे किती, ते मांडून बेरीज करावी व त्यांच्या वजनाशी ताडून पाहावी. तूट दिसल्यास ती भरून काढण्यास एक मूठ डाळ पुष्कळ होते. एवढी बेरीज करण्यास व्यापाऱ्याला अडचण पडू नये.